दुसऱ्या दिवसाचं रक्त

रक्त काढायला माझा हात हलका आहे. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगायची गरज नाही, राजापेठेतली म्हातारी माणसं सांगतात. "त्या पोरीलेच बोलवा, तिची सुई समजत नाई," म्हणून अडून बसतात. पोरगी कसली, चाळिशी जवळ आली होती तेव्हा. पण सुईला घाबरलेल्या माणसाला समोरचं कुणीही पोरगीच वाटत असावं. आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर होती, खाली ट्यूशन क्लास. जिन्यावर पोरांच्या चपलांचा ढीग, त्यातून वाट काढत येणारा पेशंट वर पोहोचेपर्यंत निम्मा चिडलेला असायचा. मी आठवडाभर अमरावतीत खोली करून राहायची आणि शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून मूर्तिजापूरला उतरायची. तिथून गाव जवळ. गावात आई, दादा आणि वहिनी.

त्या वर्षांत खेड्यांतून आमच्याकडे रक्त दोन कारणांनी यायचं. एक ताप, दुसरं फवारणी. कापसावर बोंडअळी असायची आणि माणसं तोंडाला साधा रुमाल बांधून दिवसभर फवारत असायची. भाद्रपद-आश्विनात दोन्ही एकदम. त्यामुळे आमच्या भागातली माणसं एक चूक हमखास करायची. डोकं दुखतंय, उलटी होतेय, अंग मोडून आलंय, म्हणजे फवारा लागला. मग ताक पाजा, लिंबू पाजा, सावलीत निजवा. तीन दिवस त्यात जायचे. चौथ्या दिवशी कुणीतरी शहाणा म्हणायचा, डेंगू तर नाही ना, आणि मग पपईच्या पानाचा रस सुरू व्हायचा. आमच्यापर्यंत येईतो पाचवा-सहावा दिवस. आल्या आल्या एकच प्रश्न, पेशी किती? प्लेटलेट हा शब्द कुणी उच्चारत नसे. पेशी लाखाच्या वर असल्या की माणूस वाचला, खाली गेल्या की रडारड. डॉक्टरसुद्धा वैतागून तसंच बोलायला लागले होते.

अशात एका बाहेरच्या संस्थेचा प्रकल्प आमच्या लॅबकडे आला. पुण्याकडच्या एक संशोधक बाई तो बघायच्या. फार नीटस बोलायच्या आणि आमचं बोलणं ऐकून दर वेळी जरा दचकायच्या, जणू कुणी अंगावर आलं. त्यांना डेंगूच्या रोग्यांचं दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाचं रक्त हवं होतं. पाचव्या दिवसाचं पोतंभर मिळेल, मी म्हटलं, दुसऱ्या दिवसाचं इथे कोण आणून देणार? त्या हसल्या. मग त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. शरीर विषाणूशी लढायला अँटिबॉडी बनवतं, ते मला ठाऊक होतं. त्या अँटिबॉडीच्या शेपटाकडे साखरेची एक बारीकशी साखळी चिकटलेली असते, ते ठाऊक नव्हतं. मधुमेहाशी तिचा संबंध नाही. त्या साखळीत फ्युकोज नावाची एक साखर असली तर अँटिबॉडी बेतानं वागते. ती नसली तर शरीराच्या पहारेकऱ्यांना जास्त घट्ट धरते, त्यांना भडकवते, आणि मग भडकलेलं शरीर विषाणूपेक्षा स्वतःचंच जास्त नुकसान करतं. ज्यांच्या रक्तात अशा फ्युकोज नसलेल्या अँटिबॉडी सुरुवातीलाच जास्त असतात, तेच रोगी पुढे अत्यवस्थ होतात का, हे त्यांना पाहायचं होतं. एकदा डेंगू होऊन गेलेल्यांना दुसऱ्यांदा झाला तर ते विशेष महत्त्वाचे.

मी हे घरी जाऊन सांगितलं. मला सवय होती, नवीन काही कळलं की चुलीपुढे बसून सांगायची. आई ऐकत नसे, दादा ऐकल्यासारखं करी. वहिनी मात्र ऐकायची. ती बार्शीटाकळीकडची, फुलवाल्यांच्या घरातली. कापसानं दोन-तीन हंगाम दगा दिल्यावर झेंडू लावायची गोष्ट तिनंच काढली होती, दादाच्या डोक्यात ती आली नसती. सातवी शिकलेली. माझं बोलणं संपल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे उभ्या पिकात डवरणीच्या वक्ताले बैलाच्या तोंडाले मुसकं बांधतो, तसं हाये का बाई? मुसकं असलं तं बैल काम करते. नसलं तं आपलंच पीक खाते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी संशोधक बाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी ते लिहून घेतलं. आपल्याला हे सुचलं नाही याचा मला जरा रागही आला. वहिनीला म्हटलं, तुमी माझ्या जागी लॅबमधे जा. ती म्हणाली, "जातो. तुमी इथं या, शेन काढा, अन् तुमच्या भावाले सांभाळा." माझं लग्न झालेलं नाही, यावरून मला टोमणे मारणारी माणसं गावात पुष्कळ होती. ती कधी मारत नसे. ती चेष्टा करायची, आणि त्या चेष्टेत मला बरं वाटायचं. नणंद-भावजयीच्या भांडणांच्या गोष्टी ऐकल्या की मला खोट्या वाटतात, इतकं आमचं बरं होतं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ती तापली. मी शनिवारी संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा ती गोधडी घेऊन पडली होती. सकाळपासून ताप. दादानं आदल्या दिवशी शेजारच्या पट्ट्यात कपाशी फवारली होती आणि ती जवळच तण निंदत होती. त्यामुळे घरात निदान झालेलंच होतं. "फवारा लागला तिले," आई म्हणाली, "ताक देल्लं." मी कपाळाला हात लावला. फवारा लागून एवढा ताप येत नाही. डोळ्यांच्या मागे दुखतं का विचारलं, तर हो म्हणाली. लहानपणी माहेरी असाच ताप आला होता, तेव्हा अंगावर लाल पुरळ उठलं होतं, दवाखान्यात ठेवलं होतं, असंही म्हणाली.

मी रविवारी सकाळी तिचं रक्त काढलं. पर्समध्ये मी नळ्या ठेवायचीच. जांभळ्या टोपणाची एक, पेशी मोजायला. लाल टोपणाची एक, सीरमसाठी. प्रकल्पाच्या संमतीच्या कागदावर तिनं सही केली आणि विचारलं, "माह्या मुसक्याचं माप घेता का?" मी हसले.

आता जे सांगणार आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. ती नळी हातात धरून मी बडनेऱ्याच्या गाडीत बसले, आणि मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवसाचं रक्त. तेही बहुधा दुसऱ्यांदा डेंगू झालेल्या बाईचं. महिनाभर वणवण करून असा एक नमुना मिळाला नव्हता आणि हा घरातच मिळाला. लॅब उघडून मी स्वतः सीरम वेगळं केलं, छोट्या कुपीत भरलं, नंबर चिकटवला आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवलं. संशोधक बाईंना मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला. तपासणीत डेंगू निघाला, ते मी दादाला फोन करून सांगितलं, गोळी कुठली द्यायची, कुठली द्यायची नाही तेही सांगितलं. पण सगळ्यात आधी मेसेज केला तो त्या बाईंना. क्रम मला नीट आठवतो, विसरायचा प्रयत्न केला तरी.

मंगळवारी ताप उतरला. आमच्याकडे ताप उतरला की माणूस बरा झाला असं धरतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घालतात, धुतलेले कपडे नेसवतात, अंथरूण उन्हात टाकतात आणि पथ्य सुटतं. बुधवारी सकाळी आईनं तिला गरम पाणी काढून दिलं. अंथरूण कुंपणावर टाकलं. त्याच सकाळी दादानं तिला मूर्तिजापूरला नेऊन पुन्हा रक्त तपासून घेतलं, कारण मी बजावलं होतं. रिपोर्टचा फोटो माझ्या फोनवर आला तेव्हा समोर पाच पेशंट बसले होते. लगोलग दादाचा फोन. "पेशी किती हायेत पाह्यलं का?"

मी पाहिलं. लाखाच्या वर होत्या. "बऱ्या हायेत," मी म्हटलं.

त्याच कागदावर आणखी एक आकडा होता. रक्त किती दाट झालंय हे त्यावरून कळतं. रविवारी मी स्वतःच्या मशीनवर काढलेला आकडा मला पाठ होता, आणि हा त्याहून बराच चढलेला होता. तो मला दिसला. दिसला नाही असं मी म्हणणार नाही. मनात आलं, पाणी कमी पीत असेल. समोरचा म्हातारा बाही वर करून बसला होता.

मग फोन वहिनीनं घेतला. "बाई, उद्या फुलं तोडाले जाऊ का? परवा पहाटे गाडी अमरावतीले लागते. बाया भेटून नाई राह्यल्या, समद्यायचीच तोड सुरू हाये."

दसऱ्याचा झेंडू दोन दिवसांचा सौदा असतो. त्या दोन दिवसांत तोडला तर तोडला, नाहीतर शेतात वाळतो. मला ते माहीत होतं. मी विचारलं, बरं वाटतं ना? ती म्हणाली, "आंगात ताप नाई. पोट जरासं दुखते, पन चार दिवस धड जेवली नाई म्हनून असन."

"जा मंग," मी म्हटलं. "पन उनात लय थांबू नोका. पानी प्या."

ती म्हणाली, "तुमी सांगसान तसं."

डेंगूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात-छातीत उतरतं, रक्त दाट होतं, पोट दुखतं. ताप गेल्यापासूनचे दोन दिवस रोग्याला निजवून ठेवायचं आणि डोळ्यात तेल घालून पाहायचं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लॅबच्या भिंतीवर याचा तक्ता होता आणि तो मीच चिकटवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो वाचून दाखवायची. पण घरच्या माणसाच्या बाबतीत मी दादासारखीच निघाले. ताप नाही, पेशी बऱ्या, म्हणजे झालं. इतकी वर्षं ज्या चुकीवरून मी गावच्या लोकांना हसत होते, तीच चूक, तसूभरही वेगळी नाही.

गुरुवारी सकाळी ती शेतात गेली. दुपारी बाराच्या सुमाराला तिला उलट्या झाल्या आणि ती बांधावर बसली. हातपाय गार. दादानं मला फोन केला, तेव्हा तो तिला घेऊन मूर्तिजापूरच्या डॉक्टरकडे पोहोचला होता आणि डॉक्टरांनी लगेच अकोल्याला न्यायला सांगितलं होतं. मी होते तशी निघाले. गाडीत उभी होते, बसायला जागा होती तरी. मी अकोल्याला पोहोचले तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं, दोन्ही हातांना. नाडी लागत नव्हती नीट. मी तिच्या मनगटाला हात लावला आणि शीर शोधली. सवयीनं. ज्या हाताची शीर मला रविवारी डोळे मिटून सापडली होती, ती आता सापडत नव्हती.

तिथल्या तरुण डॉक्टरनं जीव तोडून प्रयत्न केले. तो मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "ताप कधी उतरला?" मी सांगितलं, मंगळवारी. "मग बुधवारी कुणी पाहिलं नाही का?" मी सलाइनची नळी सरळ केली. शेजारी दादा उभा होता. वहिनीनं एकदा डोळे उघडले आणि मला पाहून म्हणाली, "बाई, तुमची सुट्टी गेली." शुक्रवारी, दसऱ्याच्या दिवशी सकाळी ती गेली. तोडलेली फुलं शेतात क्रेटमध्ये तशीच होती. शेजाऱ्यानं माणुसकीनं ती अमरावतीला नेऊन विकली. त्या दिवशी शहरात दारोदार झेंडूच्या माळा होत्या, आणि ते पाहून मला कुणाचाही गळा दाबावासा वाटत होता.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. दादा बोलेनासा झाला. झेंडू त्यानं मोडून काढला. आई मात्र ज्याला त्याला सांगायची, "ह्यानं फुलं तोडाले धाडलं तिले, आजारातून उठलेली बाई." त्याच्या समोर सांगायची. तो मान खाली घालून ऐकायचा. मी तिथेच बसलेली असायची. फोनवर 'जा मंग' म्हणणारी मी होते, हे आईला माहीत नव्हतं, आणि दादानं तिला कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी माझ्या भावाला वर्षभर एकट्याला ते ओझं वाहू दिलं. याला दुसरा शब्द नाही, हा भेकडपणा होता.

लॅबचं काम चालू होतं. कोरड्या बर्फात ठेवून कुप्या पुण्याकडे गेल्या, त्यात तिचीही गेली. नंतर एक यादी आली. नुसते नंबर, आणि पुढे रिकामा रकाना: रुग्णाचं पुढे काय झालं. तो मी भरायचा होता. बरा, बरा, बरा, दाखल होऊन बरा. तिच्या नंबरापुढे मी लिहायचं ते लिहिलं आणि पुढच्या नंबरावर गेले. संशोधक बाईंना ती माझी वहिनी होती हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्या स्वतः आल्या. लॅबमध्ये आम्हा सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून त्यांनी लॅपटॉपवर आलेख दाखवला. खाली ठिपक्यांचा दाट पट्टा, ते साध्या तापाचे रोगी. वर विरळ ठिपके, ते अत्यवस्थ झालेले. जितका ठिपका वर, तितक्या फ्युकोज नसलेल्या अँटिबॉडी जास्त. "बघा ना, किती स्वच्छ वेगळे पडलेत," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि तो खोटा नव्हता. त्यांचा मला राग आला नाही. तसाच आनंद घेऊन मी बडनेऱ्याच्या गाडीत बसले होते.

मी विचारलं, "सगळ्यात वरचा ठिपका कुठल्या नंबरचा?"

त्यांनी यादीत पाहून सांगितलं. मला माहीत होता तोच नंबर निघाला.

त्या शनिवारी घरी जाताना मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं. म्हणजे हे आधीच तिच्या रक्तात होतं. रविवारी सकाळी, ती हसत सही करत होती तेव्हाच होतं. ती साखर मोजण्याची सोय अमरावतीत नाही, अकोल्यात नाही, कुणाला कळायचा मार्गच नव्हता. हे दादाला सांगायचं, म्हणजे तो सुटेल. खरं सांगायचं तर मला स्वतःला त्या ठिपक्याआड लपायचं होतं, आणि दादाला सोबत न्यायचं होतं.

आई शेजारी गेली होती. दादा ओसरीवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, आलेखाचं, ठिपक्याचं. तो लक्ष देऊन ऐकत होता. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"म्हंजे तिच्या रक्तातच होतं?"

"हो."

"आपल्याले कसं समजनार होतं मंग."

"नसतंच समजलं."

त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालेलं मला दिसत होतं. मी तिथेच उठायला हवं होतं. मग त्यानं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "अन् पुढं हे यंत्र इथं आलं, अन् कोनाचं असं निंगालं, तं काय कराचं? काई औषध हाये का त्याच्यावर?"

"औषध नाही."

"मंग?"

"त्या माणसावर लक्ष ठेवायचं. ताप उतरल्यावर दोन दिवस निजवून ठेवायचं. पाणी द्यायचं. पोट दुखलं, रक्त दाट व्हायला लागलं, तर लगेच सलाइन लावायला न्यायचं."

"अन् कामाले?"

"उठू द्यायचं नाही."

"येवढंच?"

"एवढंच."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं तो रडेल. तो रडला नाही.

"हे तुले तवाबी माईत होतं?" त्यानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता, त्याला ठेवायचाच होता.

"होतं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, उठला आणि चप्पल पायात सरकवून बाहेर गेला. आमचं भांडण झालं नाही. आजही मी घरी जाते, तो स्टेशनवर घ्यायला येतो, दिवाळीला साडी आणतो, माझ्या तब्येतीची चौकशी करतो. घरात कुणाला ताप आला तर मात्र मला फोन करत नाही.